नव्या काळाची खतावणी

व्यापारी घरातील मुलाला अक्षरओळख आणि वहीची ओळख बहुधा एकाच सुमारास होते. कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे चार शब्द आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आलेले असतात. मी स्वतः पेढीवर बसलो नाही. एम.कॉम. झाल्यावर बँकेत गेलो आणि निवृत्त होईपर्यंत इतरांच्या वह्या वाचण्यात आयुष्य घालवले. कर्जाचा अर्ज समोर आला की दुकानाच्या दर्शनी भागापेक्षा त्याच्या खतावणीकडे आधी पाहावयाचे, ही सवय त्यातून लागली. ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

अलीकडे व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांतून ‘डेटा वेअरहाउसिंग’ आणि ‘डेटा मायनिंग’ हे शब्द वारंवार ऐकू येतात. ज्येष्ठ मंडळींना हे मोठ्या कंपन्यांचे चोचले वाटतात. उलट तरुण मंडळींना असे वाटते की महागडी संगणक-प्रणाली घेतली की निर्णय आपोआप होऊ लागतील. माझ्या मते दोन्ही समजुतींत थोडी गफलत आहे. या विद्येचे मूळ आपल्या खतावणीतच आहे. मात्र तिला जी शिस्त लागते, ती आपल्या पुष्कळ दुकानांतून आज दिसत नाही.

कीर्द तारखेच्या क्रमाने लिहिली जाते. आज काय विकले, काय आले, कोणाला किती दिले, एवढेच ती सांगते. ‘अमक्याकडून आपले येणे किती?’ असा प्रश्न कीर्दीला विचारला तर वर्षभराची पाने चाळावी लागतात. म्हणून आपल्या पूर्वजांनी खतावणी निर्माण केली. त्यांनी व्यवहार बदलले नाहीत. तेच व्यवहार तारखेऐवजी नावावार मांडले, आणि जे उत्तर शोधण्यास एक दिवस लागत होता ते एका पानावर आले. माहिती तीच ठेवून तिची मांडणी प्रश्नाला अनुसरून करावयाची, हे तत्त्व त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्या दुकानातील बिलिंगची प्रणाली ही आजची कीर्द होय. ती ग्राहकांची खतावणीही काढून देते. परंतु आजचे प्रश्न नावापुरते राहिलेले नाहीत. कोणत्या गावाकडे कोणता माल, कोणत्या हंगामात, किती दिवसांच्या उधारीवर आणि किती नफ्याने जातो? हा एकच प्रश्न, पण त्यात पाच खतावण्या दडलेल्या आहेत. वर्षानुवर्षांचे व्यवहार एकत्र आणून अशा कोणत्याही अंगाने पाहता येतील असे मांडून ठेवणे, म्हणजेच डेटा वेअरहाउस. त्याला आपण माहितीचे कोठार म्हणू.

बिल इनमन या अमेरिकी तज्ज्ञाचे या विषयावरील ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. कोठाराची त्याने सांगितलेली चार लक्षणे आपल्या भाषेत अशी मांडता येतील. पहिले, मांडणी विषयवार हवी. म्हणजे ग्राहक, माल, पुरवठादार असे विषय धरून. दुसरे, निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकजीव केलेली हवी. दुकानाचे बिलिंग, गोदामाचे रजिस्टर आणि बँकेचा उतारा यांत एकाच मालाला किंवा ग्राहकाला तीन नावे असून चालत नाही. तिसरे, तीत काळाचा पदर हवा. आजची शिल्लक सांगून भागत नाही, मागील अनेक वर्षांची वाटचाल दिसली पाहिजे. चौथे, एकदा साठवलेली नोंद खोडू नये. शाईने लिहिलेल्या वहीचा जो नियम, तोच येथे लागू होतो.

बँकेत हे स्थित्यंतर मी टप्प्याटप्प्याने पाहिले. मी नोकरीस लागलो तेव्हा जाडजूड लेजर होती. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर शाखांतून लेजर-पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. पुढे शाखा संगणकीकृत झाल्या आणि २००० नंतरच्या दशकात कोअर बँकिंगने सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती ठिकाणी आली. पूर्वी एखाद्या खातेदाराची खरी पारख शाखेतील एखाद्या जुन्या अधिकाऱ्याच्या डोक्यात असे. त्याची बदली झाली की ती पारखही त्याच्यासोबत जाई. माहिती एकत्र आल्यानंतर ती संस्थेची झाली.

आपल्या पेढ्यांचेही असेच आहे. चाळीस वर्षे गादीवर बसलेले दिवाणजी किंवा घरातील थोरले काका हेच त्या पेढीचे कोठार असतात. कोणाला किती सवड द्यावी, कोणता माल कधी भरावा, हे सर्व त्यांना मुखोद्गत असते. पण मनुष्य कायमचा नसतो, आणि स्मरणशक्तीची खतावणी दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

कायद्यामुळे आपण माहिती जपून ठेवतोच. जीएसटीच्या नियमानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळाचा ऐवज प्रत्येक दुकानात पडून आहे. तो आपण करसल्लागारासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी सांभाळतो. स्वतः मात्र त्याला क्वचितच काही विचारतो.

विचारतानाही तुलना बरोबर हवी. आपण वर्षाची तुलना वर्षाशी करतो. परंतु आपले गिऱ्हाईक इंग्रजी महिन्यांनी खरेदी करीत नाही, ते सणांनी करते. गुढीपाडव्याचेच पाहा. २०२२ साली पाडवा २ एप्रिलला होता आणि २०२३ साली २२ मार्चला. दोन्ही तारखा २०२२-२३ या एकाच आर्थिक वर्षात आल्या. पुढचा पाडवा ९ एप्रिल २०२४ रोजी आला. त्यामुळे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या संपूर्ण आर्थिक वर्षात पाडवाच नव्हता! त्यापुढील वर्षात पुन्हा दोन पाडवे आले, कारण २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. सोने, वाहने, कापड किंवा घरगुती उपकरणे यांचा व्यापार करणाऱ्याने ताळेबंदातील विक्रीचे आकडे नुसते शेजारी शेजारी ठेवले, तर एका वर्षी धंदा बुडाला आणि पुढच्या वर्षी उसळला असा भास होईल. प्रत्यक्षात हलला तो केवळ सण.

दिवाळीचीही तीच कथा. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने ते १२ नोव्हेंबरला गेले. या दोन वर्षांच्या ऑक्टोबरची तुलना करून खरेदीचा अंदाज बांधणारा फसणारच. म्हणून आपल्या कोठारात प्रत्येक व्यवहारासमोर तारखेबरोबर तिथी, सण, लग्नसराई आणि आठवडी बाजाराचा दिवस यांचीही नोंद असावी. परदेशी प्रणालीत हा रकाना तयार मिळत नाही. तो आपला आपण भरावा लागतो.

कोठार नीट भरले की पुढचे काम उत्खननाचे, म्हणजे डेटा मायनिंगचे. खतावणीला आपण प्रश्न विचारतो आणि ती उत्तर देते. उत्खननात आपल्याला जो प्रश्न सुचलाच नव्हता, त्याचे सूत्र माहितीच्या ढिगातून शोधले जाते. राकेश अग्रवाल या मूळच्या भारतीय संगणकशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह १९९३ साली यासंबंधी एक शोधनिबंध मांडला. एकाच बिलात कोणत्या वस्तू एकत्र येतात, याचे नियम लक्षावधी बिलांतून कसे शोधावेत, हा त्याचा विषय होता. पुढे २००४ साली अमेरिकेतील वॉलमार्टने एका चक्रीवादळाच्या काळातील विक्री तपासून दुसऱ्या वादळापूर्वी दुकानांत माल पाठवला. टॉर्चबरोबरच, न शिजवता खाता येणाऱ्या एका गोड खाद्यपदार्थाचा खप वादळापूर्वी नेहमीच्या कित्येक पट वाढतो, असे त्यांच्या नोंदींत आढळले होते.

ही रीत समजण्यास अवघड नाही, पण तीत एक खाचखळगा आहे. समजा, आपल्या कापड दुकानाची १,००० बिले आहेत. त्यांपैकी २०० बिलांत साडी आहे. या २०० पैकी १०० बिलांत परकर आहे आणि १०० बिलांत हातरुमाल आहे. म्हणजे साडी घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक परकर घेतात आणि निम्मे रुमालही घेतात. दोन्ही सूत्रे सारखीच झाली का? मुळीच नाही. आता एकूण १,००० बिलांकडे पाहू. परकर अवघ्या १५० बिलांत आहे, म्हणजे शेकडा १५. साडीसोबत मात्र तो शेकडा ५० बिलांत येतो. येथे साडी आणि परकर यांचे खरे नाते आहे. रुमाल मात्र एकूण ५०० बिलांत आहे, म्हणजे तसाही तो शेकडा ५० गिऱ्हाइके घेतातच. साडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. केवळ टक्केवारी पाहून रुमालाची मांडणी साडीच्या फळीशेजारी हलवली, तर जागा वाया जाईल. उत्खननाने सापडलेली प्रत्येक वस्तू सोने नसते. मुळात त्या वस्तूचा खप किती, हे पाहूनच तिची पारख करावी.

माझ्या दृष्टीने आपल्या समाजातील दुकानांना या विद्येचा सर्वांत मोठा उपयोग उधारीच्या बाबतीत आहे. बँकेत खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना आम्ही ग्राहकांकडील येणी वयानुसार मांडून घेत असू. नव्वद दिवसांहून जुनी येणी सर्वसाधारणपणे उचल-क्षमतेच्या हिशेबात धरली जात नाहीत. व्यापारी मात्र ग्राहकाला विक्रीच्या आकड्यावरून मोठा-लहान ठरवतो. एक उदाहरण घ्या. दोन ग्राहकांनी प्रत्येकी १० लाखांचा माल नेला. पहिल्यावर नफा शेकडा ८ आणि पैसे एका महिन्यात आले. दुसऱ्यावर नफा शेकडा १० आणि पैसे पाच महिन्यांनी आले. पैशाचे व्याज दरमहा शेकडा १ धरले तर पहिल्याच्या ८०,००० मधून १०,००० जाऊन ७०,००० उरतात, आणि दुसऱ्याच्या १,००,००० मधून ५०,००० जाऊन ५०,००० उरतात. दिवाळीला मिठाईचा मोठा पुडा मात्र बहुधा दुसऱ्याच्याच घरी जातो.

सांगली जिल्ह्यातील माझ्या एका स्नेह्यांच्या घाऊक कापड दुकानात असाच प्रसंग उद्भवला. वडील आणि मुलगा यांच्यात उधारीवरून कित्येक महिने अबोल्यापर्यंत गोष्ट गेली होती. मुलाचे म्हणणे, “अण्णा, पंचेचाळीस दिवसांच्या पुढे कुणालाच सवड नको. नियम सगळ्यांना सारखा.” वडील म्हणत, “अरे, पंचवीस वर्षांची माणसं आहेत ही. नियम दाखवून दारातून घालवू का?” वादाच्या केंद्रस्थानी खेड्यांतील दोन जुने दुकानदार होते. दोघांकडेही रक्कम थकलेली होती, आणि बँकेची मर्यादा काठोकाठ भरली होती. मला बोलावले ते मध्यस्थी करण्यासाठी. मी मध्यस्थी करण्यापूर्वी आठ वर्षांची बिले आणि वसुली मागितली.

मुलाने ती संगणकातून काढली. पहिले पंधरा दिवस केवळ साफसफाईत गेले. एकाच दुकानदाराची चार स्पेलिंगने चार खाती होती. जीएसटी क्रमांकाची १५ अक्षरे ताडून ती एक केली, आणि त्याआधीच्या वर्षांची खाती अण्णांच्या आठवणीवरून जुळवली. मग प्रत्येक बिलाचे पैसे किती दिवसांनी आले, हे महिनावार मांडले. कागद समोर आल्यावर तिघेही थोडा वेळ गप्प बसलो.

पहिला दुकानदार दरवर्षी पावसाळ्यात थकत होता आणि दरवर्षी गळीत हंगाम सुरू होऊन उसाची बिले गावात आली की फेब्रुवारीपर्यंत पै न् पै चुकती करीत होता. आठही वर्षे हाच क्रम. तो बुडवणारा नव्हता. त्याच्या गावाचा पैसाच त्या वेळी येत होता. दुसऱ्याचे चित्र वेगळे होते. त्याचा विलंब हंगामाप्रमाणे खाली-वर होत नव्हता. तो दरवर्षी थोडाथोडा वाढतच होता. शिवाय पूर्वी तो बिलावार नेमकी रक्कम भरीत असे. अलीकडे पाच हजार, दहा हजार अशा गोल रकमा ‘खात्यावर जमा’ म्हणून येत होत्या. बँकेतील माणसाला हे लक्षण चांगले ओळखीचे असते. हातात असेल तेवढे देऊन वेळ मारून नेण्याची ती खूण असते.

अण्णांची माया दोघांवर सारखी होती आणि मुलाचा नियमही दोघांना सारखाच होता. कागदाने सांगितले की हे दोघे सारखे नाहीत. पण का, हे कागदाला सांगता येईना. त्यासाठी अण्णा स्वतः दुसऱ्या दुकानदाराच्या गावी गेले. नवा रस्ता गावाबाहेरून गेल्यामुळे त्याच्या दुकानावरची वर्दळ ओसरली होती. संकोचाने तो कोणाला बोलला नव्हता. अखेर ठरले ते असे. पहिल्याला हंगामाप्रमाणे सवड, पण ती लेखी. दुसऱ्याला नवा माल रोखीने, आणि जुन्या बाकीचे झेपतील असे मासिक हप्ते. संबंध तुटला नाही आणि रक्कमही वाढली नाही. बाप-लेकांतील अबोलाही सुटला, याचे मला अधिक समाधान वाटले.

या प्रसंगातून या विद्येची मर्यादाही स्पष्ट होते. आकडे क्रम दाखवतात. कारण शोधण्यास माणूसच जावा लागतो. आणखी एक मोठी उणीव आहे. जे विकले गेले तेच बिलात उतरते. गिऱ्हाईक आले, त्याने एखादी वस्तू मागितली, आपण ‘नाही’ म्हटले आणि ते रिकाम्या हाताने परत गेले, तर याची नोंद कोणत्याही प्रणालीत होत नाही. म्हणून गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवावी आणि नाकारलेल्या मागणीची तारखेसह नोंद करावी. एरवी, ज्या मालाची आपण खरेदीच केली नाही त्याला मागणी नाही, असा उलटा निष्कर्ष संगणक काढील आणि आपण तो मानून चालू.

ग्राहकाच्या विश्वासाबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. एका गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्यासमोर उघडावयाचे नाही, ही आपल्या पेढ्यांची जुनी मर्यादा आहे. आता मोबाइल क्रमांक, पत्ता, वाढदिवस असे पुष्कळ काही आपण सहज लिहून घेतो. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला आहे. परंतु कायद्याआधीही आपला नियम साधा असावा. कामापुरतीच माहिती घ्यावी, घेतलेली कुलपात ठेवावी आणि ती कोणालाही विकू नये.

प्रारंभ करण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मध्यम दुकानास साधी स्प्रेडशीट पुष्कळ काळ पुरते. मालाची आणि ग्राहकांची नावे एकदाच निश्चित करावीत आणि बिल करणाऱ्या प्रत्येकाने तीच वापरावीत. ‘रोख’ या एकाच नावाखाली निम्मी विक्री जाऊ देऊ नये. दरमहा बिलांची प्रत कोठारात जमा करावी आणि तिची एक प्रत दुकानाबाहेर सुरक्षित ठेवावी. त्यानंतर महिन्यातून एकदा, घरातील ज्येष्ठ आणि तरुण यांनी एकत्र बसून तीनच प्रश्न विचारावेत. सहा महिन्यांत न हललेला माल कोणता? व्याज वजा जाता खरा नफा कोणत्या ग्राहकाकडून? कोणाच्या वसुलीचा क्रम नेहमीपेक्षा बदलला आहे?

तरुणांना आकडे काढता येतात. ज्येष्ठांना त्या आकड्यांमागची माणसे ठाऊक असतात. दोघे एका बैठकीत बसले नाहीत, तर कोठार कितीही मोठे बांधले तरी ते केवळ गोदामच राहील. म्हणून येत्या महिन्याअखेर पहिली बैठक घ्यावी, आणि ज्यांना सर्व काही मुखोद्गत आहे अशा आपल्या काकांना किंवा दिवाणजींना त्यात अगत्याने बोलवावे. त्यांच्याजवळ जे आहे ते त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेण्याची वेळ आजच आहे.